आपला ब्रँड ठरवतं कोण?

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत एक परमिट रूम आहे. तिथला जुना वेटर गिऱ्हाइकाला नावानं नाही, ऑर्डरनं ओळखतो. ‘ते नाइन्टी-साधं पाणी आले’, ‘स्ट्राँग बीअर-दोन बॉइल गेले’ अशी त्याची भाषा. कॉलेजात असताना मी त्याच्या हिशेबात ‘रम-थम्सअप’ होतो. पुढं काही वर्षं बीअर, मग व्हिस्की-सोडा. आता वर्षातून चार-पाच वेळा गावी जाणं होतं, एक लार्ज मागवतो आणि त्यातलाही घोटभर ग्लासात तसाच राहतो. गेल्या दिवाळीत तो ग्लास उचलताना म्हणाला, “दादा, टेस बदलली जणू तुमची.”

बदलली खरी. पण ती कुणी बदलली, हे शोधायला बसलो तर यात जिभेचा वाटा अगदीच थोडा निघाला. बाकी सगळं शरीर, साखर कारखान्याची मळी, एक्साइज खातं आणि समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस यांनी ठरवलेलं. तेच जरा उलगडून सांगतो.

जिभेपासून सुरुवात करू. पहिला घोट कुणालाच आवडत नाही. आवडला म्हणणारा थापा मारत असतो. अल्कोहोल चवीला मुख्यतः कडू, किंचित गोड आणि वरून जाळणारं. हे जाळणं मोठं गमतीचं आहे. आपल्या तोंडात-घशात उष्णता ओळखणाऱ्या नसा असतात. त्यांच्यावरचं एक ग्राहक प्रथिन साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढं तापमान गेलं की ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन याच ग्राहकाला फसवतं, म्हणून ठेचा खाल्ला की तोंड पोळतं. अल्कोहोल वेगळी खोडी करतं. ते या ग्राहकाची मर्यादाच खाली ओढतं, ४२ वरून साधारण ३४ अंशांवर. आता आपलं अंग तर कायमच ३७ अंशांवर. म्हणजे कोरी मारल्यावर घशातून पोटापर्यंत जी रेघ पेटत जाते, ती दारूची ऊब नव्हे. ती आपल्याच अंगातली ऊब, त्या क्षणापुरती आपल्याला भाजायला लागलेली.

कडू चवीचं गणित आणखी जुनं. निसर्गात विषारी पाला बहुधा कडू असतो, त्यामुळं कडू लागलं की थुंकायचं हे आपण जन्मतःच शिकून येतो. कडू चव ओळखणारी जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात. एकाच बाटलीतली बीअर एकाला ‘ठीक आहे’ वाटते आणि शेजारच्याला कडुनिंबाचा काढा, यात नखरे कुणाचेच नसतात. तरीही सवय होते, कारण मेंदू चव एकटी नोंदवत नाही. ती चव घेतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी खांदे सैल झाले, हसू यायला लागलं, ही नोंदही त्याच पानावर होते. चार-सहा वेळा असं झालं की कडू चवच हवीशी वाटायला लागते. ‘मला चव आवडते’ म्हणतो तेव्हा आपल्याला बरंचसं त्या चवीमागून येणारं आवडत असतं.

म्हणून सुरुवात जवळपास सगळ्यांची गोडातून होते. साखर कडूपणा झाकते, थंडपणा उरलेली चव बधिर करतो. रम कोल्ड्रिंकात घालायची, बीअर ‘एकदम चिल्ड’ मागायची, त्याचं कारण हेच. तीच स्ट्राँग बीअर एकदा कोमट पिऊन बघा, म्हणजे फ्रिजनं आजवर काय काय लपवलं होतं ते कळेल.

आवड तयार व्हायला वर्षं लागतात, पण मोडायला एक रात्र पुरते. माझ्या एका मित्रानं बावीसाव्या वर्षी लग्नाच्या वरातीत रम इतकी प्यायली की नवरदेवाच्या घोड्यालाही त्याची दया आली असेल. रात्रभर ओकला. आज पंचेचाळिशीत आहे, पण शेजारच्या टेबलावर रम उघडली तरी तोंड फिरवतो. अमेरिकेत जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखवलं होतं. सॅकरिनचं गोड पाणी पिताना त्यांना किरणोत्सर्ग देऊन मळमळ होऊ दिली. नंतर उंदरांनी ते पाणी टाळलं, जरी दोष पाण्याचा नव्हता. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की चव आणि मळमळ यांच्यात काही तासांचं अंतर असलं तरी एकाच फेरीत ही गाठ बसते. माझ्या मित्राचा मेंदूही तसाच उंदराच्या जातीचा. किती प्यायलो, उपाशीपोटी प्यायलो का, हे त्यानं विचारलंच नाही. रमच्या वासावर खुनाचा गुन्हा नोंदवला आणि फाईल बंद केली. मित्र त्यानंतर व्हिस्कीवाला झाला.

आता यातली खरी गंमत. ज्या रमला त्यानं कायमचं सोडलं आणि ज्या व्हिस्कीला जवळ केलं, त्या दोन्ही बहुधा एकाच मळीतून आलेल्या होत्या.

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला मळी सांगायला नको. साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक. तो आंबवून, पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध केला की मिळतं एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, कारखान्यावरच्या भाषेत ईएनए. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. आपल्याकडची स्वस्त-मध्यम व्हिस्की म्हणजे बराच काळ हेच ईएनए, त्यात थोडं माल्ट स्पिरिट, कॅरॅमलचा रंग, वासासाठी अर्क आणि पाणी. आता काही कंपन्या मळीऐवजी धान्याचं ईएनए वापरतात. युरोपीय संघाच्या नियमात व्हिस्की धान्याचीच हवी, म्हणून आपल्या मळीच्या व्हिस्कीला तिथं व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. ‘संत्रा’ नावाच्या देशी दारूचा पायाही हेच साखर कारखान्याचं अल्कोहोल. संत्रं त्यात नावाला.

लेबलवर ‘४२.८ टक्के’ असा विचित्र आकडा असतो, त्याच्या शेजारी ‘२५ यूपी’. हा इंग्रजांचा वारसा. त्यांच्या मापात ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे ‘प्रूफ’. २५ यूपी म्हणजे त्या प्रूफच्या २५ टक्के खाली. ५७.१ च्या पाऊणपट काढा, ४२.८ येतात. हा आकडा व्हिस्कीवर असतो, रमवर असतो आणि देशीच्या बऱ्याच बाटल्यांवरही असतो. म्हणजे देशीच्या दुकानात उभ्यानं क्वार्टर रिचवून तोंड पुसत निघणारा आणि एसी परमिट रूममध्ये ‘सोडा थोडा कमी’ म्हणणारा, दोघांच्या ग्लासात मूळ माल आणि ताकद फारशी वेगळी नसते. फरक अर्काचा, गाळणीचा, लायसन्सचा आणि सगळ्यात जास्त खुर्चीचा. एकाला समाज बेवडा म्हणतो, दुसऱ्याला ‘घेतात अधूनमधून’.

इथं मला एक गोष्ट कायम खटकते. गोव्यात काजूचा हंगाम आला की मार्च ते मेच्या दरम्यान उर्राक येते. काजूबोंडाच्या रसाची ही पहिली ऊर्ध्वपातित दारू, साधारण १५ टक्क्यांची, लिंबू-मीठ-मिरची घालून प्यायची. पावसाळा लागला की ती संपली. आणखी ऊर्ध्वपातन केलं की फेणी, तिला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं चवीला झाड आहे, महिना आहे. आमचा ऊसपट्टा अल्कोहोलचे टँकरच्या टँकर भरतो, पण त्याला स्वतःची अशी चव नाही. कारण ईएनएचा गुणच मुळी चव नसणं. गुळाची, नवसागर घातलेली हातभट्टी होती, तिला ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिजास होती. पण तिथं काय मिसळलंय याचा भरवसा कधीच नव्हता. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसा खातं.

मग आपण पितो काय, हे ठरतं कुठं? मोठा भाग कायद्याच्या पुस्तकात. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, नावात थोडा बदल होऊन. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडं दारूबंदीच आहे आणि पिणारा प्रत्येकजण परवान्यावरचा अपवाद. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. एका दिवसाचा परवाना विदेशीला (म्हणजे इथंच बनणारी व्हिस्की-रमसुद्धा) पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. बीअर-वाइनला वय २१ पूर्ण हवं, कडक दारूला २५. हा परवाना काढलेला माणूस मी गावात तरी पाहिलेला नाही, पण असो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण बंदी. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

छोट्या गावाच्या चवीवर सर्वात मोठा परिणाम मात्र एका न दिलेल्या गोष्टीचा झाला. राज्यानं जवळपास पन्नास वर्षं वाइन शॉपची नवी लायसन्सच दिली नाहीत. तालुक्याच्या गावाला एखादं-दुसरं दुकान, तेही तिसऱ्या पिढीच्या हातात. (वाइन शॉपमध्ये वाइन शोधायची तर खालच्या फळीवर, धुळीत. नाशिकची वाइन पुण्या-मुंबईत पोचली, आमच्याकडं अजून ती ‘बायकांची’ नाहीतर ‘औषधी’.) मालक जे ठेवेल ती गावाची आवड. मी एकदा माइल्ड बीअर मागितली. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी किराणा दुकानात पेट्रोल मागतोय. “जात नाय ओ इथं. दोन पेट्या आणल्या होत्या, तारीख संपली.”

का जात नाही, ते वहीच्या मागच्या पानावर मांडून बघा. ६५० मिलीच्या बाटलीत माइल्ड बीअर ५ टक्के धरली तर शुद्ध अल्कोहोल ३२ मिलीच्या आसपास. स्ट्राँग ८ टक्क्यांची, म्हणजे ५२ मिली. दोन्हींच्या किमतीत फरक थोडाच. आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली. पैसे मोजून पिणारा माणूस चव विकत घेत नाही, किक विकत घेतो, आणि हिशेबात तो चार्टर्ड अकाउंटंटलाही ऐकत नाही. म्हणून तालुक्यात बीअर म्हटलं की स्ट्राँगच, आणि बीअरपेक्षा क्वार्टर.

हिशेब बिघडला की आवडही बिघडते. जून २०२५ मध्ये सरकारनं विदेशी दारूवरचा उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं. १८० मिलीची किमान किंमत ठरली ती अशी: देशी ८० रुपये, विदेशी २०५, प्रीमियम ३६०. मधल्या मोठ्या फटीत एक नवा प्रकार बसवला, महाराष्ट्र मेड लिकर (एमएमएल), धान्यापासून इथल्याच उत्पादकांनी बनवायची, १४८ रुपये. पुढच्या काही वर्षांत कुणी ‘मला तर बाबा एमएमएलच सूट होते’ म्हणाला तर त्याची ती सूट मंत्रिमंडळाच्या बैठकीत शिवून झालेली असेल.

कायद्यानं चव बदलताना मी प्रत्यक्ष पाहिली ती २०१७ मध्ये. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, अंमल १ एप्रिल २०१७ पासून. ३१ मार्चला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना २२० मीटरची सवलत मिळाली. पण तालुक्याचं गाव म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना पसरलेली वस्ती, ५०० मीटर चाललं की शेत लागतं. आमच्याकडचे बहुतेक परमिट रूम एका रात्रीत बंद झाले. जुलैमध्ये न्यायालयानं पालिका हद्दीबाबत खुलासा केला आणि हळूहळू शटर वर गेली. मधल्या काळात काय झालं? लोकांनी सोडली नाही. बसणं गेलं आणि पार्सल आलं. बांधावर, बंद पेट्रोल पंपामागं, गाडीच्या बॉनेटवर. बीअरला फ्रिज लागतो, क्वार्टरला नुसता खिसा पुरतो. त्यामुळं बीअरवाले क्वार्टरवर गेले. चखणा आणायला वेळ नाही, प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचं पाऊच, दोन घोटांत खलास. जे दीड तासात पोटात जायचं ते दहा मिनिटांत जायला लागलं. यकृताचा वेग ठरलेला असतो, ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल आणि तेवढं जाळायला ढोबळमानानं तासभर. यकृताला हायवेचा निकाल कळत नाही. बार पुन्हा उघडले तरी त्यातले काहीजण टेबलावर परत आलेच नाहीत. त्यांची चवच दोन घोटांची झाली.

आपल्याकडं ‘पिऊया का’ कुणी विचारत नाही. ‘बसायचं का’ विचारतात. बसणं हा चौघांचा उद्योग आहे आणि त्यात वैयक्तिक आवडीला फार जागा नसते. चौघांत एक खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, सांगितला की स्वस्त पडतो, त्यामुळं चौघांची आवड एक. मध्येच कुणी ‘मला जिन’ म्हणाला तर त्याचं बिल वेगळं आणि टोमणे फुकट. ब्रँड पगाराबरोबर वर चढतो. नोकरी पर्मनंट झाली की एक पायरी, पोराला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की आणखी एक. माझ्या मावसभावाच्या पोरानं विमानतळावरून स्कॉटलंडची एक धुरकट सिंगल माल्ट आणली. मावशीच्या यजमानांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, “अरे, हा तर गोठ्यात धुरी केल्यासारखा वास.” अगदी बरोबर होतं त्यांचं. जवाच्या माल्टला पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवतात, वास त्याचाच. पुढचा पेग त्यांनी त्यांच्या नेहमीच्या क्वार्टरचा घेतला. ती बाटली शोकेसमध्ये गेली आणि रिकामी झाल्यावर तिच्यात मनी प्लँट लागला.

कॅलेंडरही आवड सांभाळतं. आषाढी अमावास्येला गटारी, दुसऱ्या दिवसापासून श्रावण, काहींचा थेट गणपती जाईपर्यंत कडकडीत. महिना-दीड महिना थांबलेल्याला पहिला पेग ‘लागतो’, त्यात भेसळीचा संशय घ्यायचं कारण नाही. रोजच्या पिण्यानं मेंदू आणि यकृत दोन्ही निर्ढावतात, सुट्टी मिळाली की तो निर्ढावलेपणा उतरतो. आणि वारीला जाऊन माळ घातली की विषयच संपला. आमच्या गल्लीतले दोन पट्टीचे पिणारे असेच सुटले, एकाही डॉक्टरचं न ऐकता.

हे सगळं वाचून गावोगाव नुसते पेलेच भिडतायत असं वाटेल, तर तसं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांत साधारण १९ टक्के पिणारे निघाले आणि बायकांत जेमतेम १ टक्का. पाहणीत लोक थोडं लपवतात हे धरलं तरी न पिणारे बहुसंख्य आहेत. बायकांची चव काय हे गावात कुणी विचारत नाही, त्यांना फक्त बिल दिसतं. म्हणूनच राज्यात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान होतं. आडवी बाटली जिंकली की गावातलं दुकान बंद.

राहता राहिलं वय. चाळिशीनंतर शरीरातलं पाणी कमी होत जातं, स्नायू घटतात. अल्कोहोल पाण्यात पसरतं, त्यामुळं तेवढाच पेग रक्तात जास्त दाट उतरतो. नाक हळूहळू मंद होतं आणि चवीचा मोठा हिस्सा नाकाचाच असतो. झोप पहिल्या दोन-तीन तासांत दगडासारखी लागते आणि अल्कोहोल उतरायला लागलं की पहाटे तीनला टक्क जाग येते, छातीत जळजळ घेऊन. मेंदूच्या त्याच जुन्या पानावर आता नव्या नोंदी व्हायला लागतात. पूर्वी ‘चव, मग हसू’ असं लिहिलेलं असायचं, आता ‘चव, मग पहाटेचे तीन’. माझा घोटभर ग्लासात राहतो तो त्यामुळं. त्यात माझी थोरवी काही नाही.

रम सोडलेला तो मित्र तर गेल्या वर्षी व्हिस्कीवरूनही उतरला. आता आमच्यात बसतो, लिंबू-सोडा घेतो आणि चखणा खातो. दिवाळीत बिल वाटताना जोरदार वाद झाला. त्याचं म्हणणं, मी पीत नाही तर माझ्याकडून चौथा हिस्सा कसला? वेटरनं पॅड बघून शांतपणे वाचून दाखवलं: मसाला शेंगदाणे तीन, बॉइल चार, चिकन चिली दोन. लिंबू-सोडा एक.

त्यानं मुकाट्यानं चौथा हिस्सा काढला.